टबातली सही
डिसेंबर १९७५. आणीबाणीला सहा महिने होत आलेत. ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये व्यंगचित्र छापून येतं : राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद आंघोळीच्या टबात बसून सही केलेला कागद दाराबाहेरच्या हातात देतायत. अजून वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा, म्हणतायत.

चित्रकार अबू अब्राहम. मूळचे केरळचे. पत्रकारिता सुरू केली मुंबईत, ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये. मग लंडनला ‘ऑब्झर्व्हर’ आणि ‘गार्डियन’. १९६९ला परतले. १९७२पासून राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त खासदार. म्हणजे ज्या पदाने खासदारकी दिली, त्याच पदाला त्यांनी टबात बसवलं!

ऑफिसात न वाचता कोड अप्रूव्ह करताना मला हल्ली तो टब आठवतो. आमचा फार तर सर्व्हर पडतो. तिथे त्या सहीवर माणसं तुरुंगात जात होती.