कॉरेजिडॉर : मनिलाच्या दाराशी

मनिला उपसागराच्या मुखाशी सुमारे सहा किलोमीटर पसरलेल्या कॉरेजिडॉर बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन अंमलदारांनी फोर्ट मिल्स हा दुर्ग उभारला, तेव्हा शत्रू येईल तो गलबतांतूनच येईल असे गृहीत धरून त्यांनी अजस्र तोफांची तोंडे समुद्राकडे वळविली. पुढे विमाने आली. परंतु 1922 च्या वॉशिंग्टन तहाने पॅसिफिकमधील तटबंदी वाढविण्यास मनाई केल्यामुळे दुर्ग जुना तो जुनाच राहिला. नवे असे झाले ते मालिंटा टेकडीच्या पोटात. बिलिबिड तुरुंगातील कैद्यांच्या श्रमाने 1932 पर्यंत तेथे एक प्रशस्त बोगदा तयार झाला, आणि माझ्या मते या बेटाचा खरा किल्ला तोच होय.

कारण डिसेंबर 1941 मध्ये जपानी विमाने माथ्यावर घोंघावू लागली तेव्हा सेनापती मॅकआर्थर यांची कचेरी, रुग्णालय, दारूगोळा, इतकेच काय, फिलिपाइन्सचे सरकारही त्या बोगद्याच्या आश्रयास आले. त्याच्याच तोंडाशी 30 डिसेंबर रोजी अध्यक्ष केझोन यांनी आपल्या दुसऱ्या कारकीर्दीची शपथ घेतली. फेब्रुवारीत ‘ट्राउट’ ही पाणबुडी विमानवेधी तोफांचे गोळे घेऊन आली आणि ते उतरविल्यावर रिकाम्या तळास भार हवा म्हणून सरकारी खजिन्यातील वीस टन सोने व चांदी घेऊन परतली. एका राज्याची पुंजी नीरम म्हणून वाहिली जावी, ही त्या दिवसांची अवस्था!

9 एप्रिल 1942 रोजी बटान द्वीपकल्प पडल्यावर जपानी तोफखाना तेथील डोंगरांआडून मारा करू लागला. समुद्राकडे रोखलेल्या लांब पल्ल्याच्या तोफा त्याच्यापुढे हतबल ठरल्या. उंच फेकीच्या उखळी तोफा तेवढ्या उपयोगी पडल्या. 2 मे रोजी गिअरी मोर्चाचे दारूकोठार उडाले आणि कित्येक टनांची एक उखळी तोफ गोल्फच्या मैदानावर जाऊन पडली. 6 मे रोजी सेनापती वेनराइट यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि हजारो सैनिक कैदेत गेले.

फेब्रुवारी 1945 मध्ये बेटावरील जपानी शिबंदीही समुद्राकडेच डोळे लावून बसली होती. 16 तारखेच्या सकाळी अमेरिकन छत्रीधारी सैनिक त्याच गोल्फच्या मैदानावर आणि शेजारच्या कवायतीच्या पटांगणावर उतरले.