पलटणीचा पगार आणि वऱ्हाड : फौजी पेन्शनची कुळकथा

शिपायाला सरकारकडून दोन प्रकारचा जादा पैसा मिळतो. शरीर थकल्यावर घरी बसून मिळणारी ती पेन्शन, आणि मुलखाबाहेर पाठवल्याबद्दल मिळणारा तो भत्ता. वरवर पाहता या दोन वेगळ्या बाबी. पण दोन्हींचा जन्म शिपायाच्या एकाच धास्तीतून झाला आहे. आपण म्हातारे झालो, जायबंदी झालो किंवा परमुलखात मेलो, तर घरच्यांनी काय खायचे, ही ती धास्ती. या इतिहासात वऱ्हाडाचे स्थान जरा निराळे आहे. इतर प्रांतांनी फौजेला माणसे दिली, आणि पेन्शन माणसांच्या मागोमाग गावात आली. वऱ्हाडात मात्र फौजेच्या पगारासाठी आधी सगळा प्रांतच लावून देण्यात आला.

रोख पेन्शन ही आपल्याकडची जुनी पद्धत नव्हे. मराठी राज्यात कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना ‘बालपरवेशी’ मिळे. कुणाला इनाम जमीन मिळे, मोठ्या सरदाराकडे सरंजाम असे. पेशवे दफ्तरात अशा नेमणुका जागोजाग आहेत. या सोयीत माया होती, पण नियम नव्हता. किती नोकरीला किती रक्कम, हे कुठे ठरलेले नव्हते, आणि धनी बदलला की सनद पुन्हा नव्याने करून घ्यावी लागे.

ईस्ट इंडिया कंपनीने सुरुवातीला हाच मार्ग धरला. बंगालचा नवाब मीर जाफर याने क्लाइव्हला ठेवलेल्या पैशातून १७७० मध्ये ‘लॉर्ड क्लाइव्ह फंड’ उभा राहिला. तो गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि सोल्जरांसाठी. देशी शिपायांसाठी बिहारात भागलपूरकडे जायबंदींच्या वसाहती करून जमिनी वाटण्यात आल्या. हा प्रयोग टिकला नाही. थकलेला शिपाई रान मोडून शेती करील ही अपेक्षाच मुळी वेडगळ होती. मग कंपनी रोख रकमेवर आली. १८३७ मध्ये तिने ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा शौर्याचा किताब काढला. त्याचे तीन वर्ग होते. तिसऱ्या वर्गाला पगाराच्या एक तृतीयांश वाढ, दुसऱ्याला दोन तृतीयांश, पहिल्याला दुप्पट पगार. आणि मेल्यावर विधवेला तीन वर्षे ती रक्कम चालू. पदकाला पैसा जोडण्याची जी रीत आजही शौर्यपुरस्कारांत दिसते, तिचे मूळ इथे आहे.

वऱ्हाडची गोष्ट १८०३ पासून सुरू होते. अकोल्याकडच्या अडगावची लढाई आणि पाठोपाठ गाविलगडचा पाडाव झाल्यावर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड सोडला आणि तो निजामाकडे गेला. एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, नवाब सलाबतखानाची पलटण होती. ‘एलिचपूर ब्रिगेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फौजेचा आरंभ १७८८ चा मानतात. निजामाच्या नावाची, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ‘हैदराबाद कंटिंजंट’ फौज पुढे उभी राहिली, तिच्यात ही पलटण मिसळली. एलिचपूरजवळच्या परतवाड्याला छावणी पडली.

कंटिंजंटचा खर्च निजामाच्या माथी होता आणि पगार कायम तटलेला असे. १८०० च्या तहाने युद्धाच्या वेळी फौज पुरवण्याचे कबूल केले होते. शांततेत बारमाही पोसण्याचे नव्हे, असे हैदराबादचे म्हणणे. त्यात तथ्य होते. पण पगार थकला की रेसिडेंट कंपनीच्या तिजोरीतून उचल देई आणि ती निजामाच्या नावावर कर्ज म्हणून चढे. कर्जाचा आकडा सुमारे ५० लाखांवर गेला, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने हिशेब मिटवायला घेतला.

२१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे सुमारे ५० लाख वसुलाचे जिल्हे कंपनीच्या कारभारात गेले. पाच हजारांहून कमी नाही इतके पायदळ, दोन हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या चार बॅटऱ्या यांचा दरमहा नियमित पगार, हे त्यामागचे पहिले कारण तहात नोंदले आहे. पुढे कर्जावर ६ टक्के व्याज आहे, आणि त्याच कलमात काही मराठा पेन्शनदारांची रक्कमही आहे. त्याच डलहौसीने दोनच वर्षांपूर्वी दुसऱ्या बाजीरावाची सालीना ८ लाखांची पेन्शन बाजीराव वारताच बंद केली होती. त्याचे दत्तक पुत्र नानासाहेब यांना वारसाहक्काने ती मिळाली नाही. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी, घेणाऱ्याबरोबर संपणारी, हा त्या काळचा दंडक होता. मेहेरबानीचा हक्क व्हायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

फौजेचा हा पगार निघे तो वलगावसारख्या गावांच्या साऱ्यातून. पेढी नदीच्या काठचे हे गाव अमरावतीहून परतवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. अमरावतीच्या आसपासच्या काळ्या, कापसाच्या जमिनीचा सारा १८५३ नंतर कंटिंजंटच्या पगाराच्या खात्यावर जाऊ लागला. कुणब्याला त्याची खबर असण्याचे कारण नव्हते. पलटणीतले शिपाई बहुतेक उत्तरेकडचे. सारा वऱ्हाडी आणि शिपाई हिंदुस्थानी, असा हा व्यवहार. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत गेले, कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र राहिला. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने तो सोडवण्यासाठी लंडनपर्यंत खटपट केली, ती व्यर्थ गेली. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झनने सालीना २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला. ज्या फौजेसाठी हा मुलूख घेतला ती कंटिंजंट त्याच सुमारास हिंदी लष्करात विरघळली. पट्टा उरला, कारण संपले. मागे उरले ते ‘९६ वी बेरार इन्फंट्री’ हे नाव.

भत्त्याचा इतिहास याहून जास्त रक्तरंजित आहे. हद्दीबाहेर पाठवल्यास जादा पैसा हा शिपायाला करार वाटे, तर कंपनीला तो बक्षीस वाटे. १८२४ मध्ये ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर निघालेल्या ४७ व्या बंगाल पलटणीने सामान वाहायच्या बैलांचा खर्च आणि समुद्रप्रवासाची धास्ती यांवरून बराकपूरला हुकूम मोडला. तिच्यावर तोफा डागण्यात आल्या. १८४३ मध्ये सिंध खालसा झाला आणि ‘आता ते परमुलूख नव्हे’ या न्यायाने भत्ता कापला गेला, तेव्हा बंगालच्या पलटणी सिंधला जायला नाकबूल झाल्या. नकाशावरची रेघ सरकली की शिपायाचा खिसा हलका होतो, हा धडा तेव्हाचा. १८५६ च्या कायद्याने नव्याने भरती होणाऱ्या प्रत्येकाला समुद्रापार जाणे सक्तीचे केले.

मुंबईच्या फौजेत हा तंटा कमी होता. तिच्या पलटणी १८५६-५७ मध्ये इराणला आणि १८६७-६८ मध्ये हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जहाजाने गेल्या. या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि काळ्या पाण्याचा बाऊ त्यांना नव्हता. त्यांच्यापैकी अनेक पेन्शनर दापोलीच्या कँपात स्थायिक झाले. पेन्शनीने समाजात काय उलथापालथ केली ती इथे दिसते. बलुत्यावर, म्हणजे गावाच्या मर्जीवर जगणाऱ्या घरात दर महिन्याला रोख रक्कम येऊ लागली, आणि ती कुणाला मुजरा करून मिळवायची नव्हती. शिवाय पलटणीच्या शाळेत अक्षरओळख झालेली. गोपाळबाबा वलंगकर हे असेच पेन्शनर. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा १८९४ च्या सुमाराचे ‘विनंतिपत्र’ त्यांनीच लिहिले. सुभेदार रामजी सकपाळही पेन्शन घेऊन काही काळ दापोलीलाच राहिले. त्यांचे धाकटे चिरंजीव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. भरतीबंदीचा घाव नोकरीवर पडला तसाच पुढच्या पिढीच्या पेन्शनीवरही पडला. विनंतिपत्रामागचा संताप त्याशिवाय कळत नाही.

पैसा द्यायचा कसा आणि घेणारा तोच कशावरून, हा प्रश्न सरकारला पहिल्यापासून छळत आला. पेन्शनर मेला तरी घरचे दुसऱ्यालाच उभे करून रक्कम उचलतात, ही खजिन्याची तक्रार. बंगालमधल्या हुगळीचा मॅजिस्ट्रेट विल्यम हर्शेल याने १८७७ मध्ये पेन्शनरांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. ठशावरून माणूस ओळखण्याची ही युक्ती पोलिसांच्या कामी नंतर आली. तिचा पहिला सरकारी उपयोग दस्त, तुरुंग आणि पेन्शन यांसाठी झाला. आजचे ‘जीवन प्रमाण’ २०१४ मध्ये आले. दर नोव्हेंबरला यंत्रावर अंगठा ठेवून हयातीचा दाखला देणारा माजी सैनिक हर्शेलचीच रीत पाळतो. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र अंगठा ओळखत नाही, ही अडचण आहेच. पैसे गावापर्यंत पोचवण्याची वाट टपालाने केली. १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू झाली आणि छावणीतला पगार खेड्यातल्या चुलीपर्यंत आला.

दोन महायुद्धांनी भत्ता आणि पेन्शन यांची गाठ पक्की बांधली. १९१४ मध्ये शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता; परदेशी मोहिमेवर त्यात भर पडे आणि पगाराचा ठरावीक हिस्सा परस्पर घरी पाठवण्याची सोय असे. एलिचपूर ब्रिगेडचा वंश सांगणारी ९८ वी इन्फंट्री नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगा बंदरावर उतरली. तिथे गोळीबाराबरोबर मधमाश्यांनीही तिला पिटाळले. ती लढाई मधमाश्यांची म्हणूनच ओळखली जाते. हीच पलटण १९२२ मध्ये १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी बटालियन झाली. जानेवारी १९४२ मध्ये मलायात स्लिम नदीवर जपान्यांनी तिची वाताहत केली. मलाया-सिंगापूरच्या युद्धकैद्यांपैकी जे आझाद हिंद सेनेत गेले, त्यांतले पुष्कळ फौजेतून काढले गेले आणि फौजी पेन्शनीला मुकले. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मानधनाची केंद्रीय योजना १९७२ मध्ये आली. चौथी बटालियन १९४५ नंतर ४ कुमाऊँ झाली, आणि पहिले परमवीरचक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा हे तिचेच.

स्वातंत्र्यानंतर परदेशी कामगिरी म्हणजे मुख्यतः संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना : कोरिया, गाझा, काँगो, सोमालिया. सोमालियात ५ महार बटालियन होती. या कामगिरीत जवानाचा पगार आणि सेवा भारताकडेच चालू राहते. ती वर्षे पेन्शनीला धरली जातात. संयुक्त राष्ट्रे सरकारला दर सैनिकामागे ठरावीक रक्कम देतात. २०१८ मध्ये ती महिना १,४२८ डॉलर ठरली. जवानाच्या हातात त्यांच्याकडून थेट पडतात ते दिवसाला १.२८ डॉलर. बाकी परदेश भत्ता भारत सरकार देते. ‘यूएन मिशन’ला गेला म्हणजे डॉलरमध्ये खेळतो, ही गावातली समजूत इतपतच खरी. श्रीलंकेतली १९८७ ते १९९० ची कामगिरी संयुक्त राष्ट्रांची नव्हती, त्यामुळे तिथे हा हिशेबही नव्हता. ८ महारच्या मेजर परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले ते तिथल्या लढाईसाठी.

निघण्यापूर्वीची कामे डॉलरच्या हिशेबाहून महत्त्वाची. लग्न, मुलांचे जन्म, वारसनोंद हे सारे ‘पार्ट टू ऑर्डर’ने रेकॉर्ड ऑफिसात चढलेले असावे लागते. महार रेजिमेंटचे दफ्तर मध्य प्रदेशातल्या सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, गार्ड्सचे कामठीला. बायकोचे नाव माहेरचे की सासरचे, जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची की आधारवरची, एवढ्याशा फरकाने कुटुंब पेन्शन महिनोन्‌महिने अडते. खाते पत्नीबरोबर जोडखाते असलेले बरे. वलगावच्या माजी सैनिकाला किंवा वीरपत्नीला अशा कामासाठी आधी अमरावतीचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावे लागते. मंजुरीचा कागद, म्हणजे पीपीओ, निघतो तो प्रयागराजहून.

शिपायाला पेन्शनीसाठी १५ वर्षे सेवा लागते, अधिकाऱ्याला २०. रक्कम शेवटच्या पगाराच्या निम्मी. तिच्यातली निम्म्यापर्यंत विकून एकरकमी घेता येते. तो कापलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. घर बांधायच्या किंवा मुलीच्या लग्नाच्या घाईत बहुतेक जण ती विकतात. सेवेमुळे जडलेल्या किंवा बळावलेल्या अपंगत्वाचे पैसे वेगळे. पेन्शन ही खैरात नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी ठरवले. तरीही आधी निवृत्त झालेल्या सुभेदाराला नंतरच्यापेक्षा कमी मिळे. त्यावरचा उपाय ‘वन रँक वन पेन्शन’ दिल्लीत जंतरमंतरवर धरणे झाल्यावर नोव्हेंबर २०१५ मध्ये अधिसूचित झाला आणि १ जुलै २०१४ पासून लागू धरला गेला. दर पाच वर्षांनी फेरआढावा हे त्याचे कलम. २०१९ आणि २०२४ च्या जुलैपासून रकमा बदलल्या त्या त्यानुसार.

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या ‘अग्निपथ’ने मात्र दोर कापला. अग्निवीराची सेवा चार वर्षांची. शेवटी सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी, त्यात निम्मा त्याच्याच पगारातून कापलेला. ४८ लाखांचा विमा आहे; पेन्शन, ग्रॅच्युइटी नाही. २५ टक्क्यांपर्यंतच कायम होतात आणि त्यांची पंधरा वर्षांची मोजणी नव्याने सुरू होते.