कुरवंजी सांगते भूगोल

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेने स्नेहसंमेलनात ‘कुट्राल कुरवंजी’ बसवले. ती आठवीत, गाणाऱ्या मुलींच्या ओळीत शेवटून दुसरी उभी होती. नायिका विरहाने झुरते, मग टोपली घेतलेली कुरत्ती (डोंगरावरची भविष्य सांगणारी बाई) येते, नाना देशांची वर्णने गाते, हात पाहते आणि तुझे मनोरथ पूर्ण होतील म्हणून सांगते. पाठोपाठ तिचा पक्षी पकडणारा नवरा तिला शोधत येतो. सारे गाण्यात आणि नाचात!

घरी येताना मुलीने विचारले, “बाबा, असले नाटक मराठीत नाही?” मी ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’ अशी नावे सांगितली. “तसले नाही, कुरवंजी!” मी गप्प. तंजावरला बदली होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती आणि सरस्वती महालावरून मी शेकडो वेळा गेलो असेन.

उत्तर दिले शेजारच्या आजोबांनी. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल, आणि मध्येच आपल्याकडे फक्त पोथीत उरलेला एखादा शब्द. आम्ही नवे आलेले रेल्वेवाले त्या बोलीला मागे हसत असू, हे आज कबूल करतो. आजोबा म्हणाले, “आहे की. आमच्या राजानेच लिहिले आहे.”

ते नाटक म्हणजे दुसऱ्या सरफोजी महाराजांचे ‘देवेंद्र कुरवंजी’. रचना तमिळ कुरवंजीची आणि भाषा मराठी. पण इथली कुरत्ती कुट्रालचे धबधबे वर्णून थांबत नाही. ती आशिया, युरोप, आफ्रिका आणि अमेरिका खंडांची माहिती गाते! हात पाहणारी बाई जगाचा नकाशा उलगडते. अभ्यासक मानतात की महाराजांच्या ‘नवविद्या’ शाळांतील मुलांना नवा भूगोल शिकवण्यासाठीच हे रचले गेले असावे.

ही कल्पना कुठून आली असेल, हे महाराजांचे चरित्र पाहिले की उमगते. लहानपणी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडे ते शिकले. १७९८ मध्ये गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. महाराजांच्या हाती उरला किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. दुसरा कोणी असता तर पेन्शन खात बसला असता. यांनी ग्रंथ जमवले, शाळा काढल्या, देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि १८०६ मध्ये इसापनीती मराठीत छापली. पुण्यात तेव्हा पेशवाई चालू होती. ज्याच्या ताब्यात एका किल्ल्यापलीकडे फारसे काही नव्हते, त्याने चार खंडांचे गाणे लिहावे, याचे मला फार नवल वाटते. १८२० मध्ये ते मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रेलाही गेले.

आणि हे काही एकटेदुकटे नाटक नव्हे. १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य केलेल्या शहाजीराजांनी ‘लक्ष्मीनारायण कल्याण’सारखी मराठी नाटके लिहिली, त्यांतल्या पदांना ‘दरू’ म्हणतात. त्यांच्याच ‘पंचभाषा विलास’ नाटकात संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा आहेत. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत झाले ते १८४३ साली, म्हणजे शहाजीराजांनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. शाळेत मला मराठी नाटकाचा आरंभ सांगलीचा म्हणूनच शिकवला होता. भाव्यांचे मोठेपण याने कमी होत नाही, पण आपल्या दारातले आधीचे पान कोणी उघडून दाखवले नव्हते.

यंदा मंडळाच्या बैठकीत मी मुलांसाठी ‘देवेंद्र कुरवंजी’तला एक प्रवेश सुचवला. “मुलांना कळणार नाही, मोठ्यांनाही कळणार नाही,” असे बहुतेकांचे मत पडले. त्यात तथ्य आहे. छापील प्रत घेऊन मी बसलो, तर दुसऱ्याच पानावर माझी गाडी सिग्नलला उभी! आजोबांना हाक मारली. ते न अडखळता वाचत गेले. ज्या बोलीला आम्ही हसलो तिचीच ही किल्ली.

अखेर दहा मिनिटांचा प्रवेश ठरला. आजोबांची नात कुरत्ती झाली आहे. रेल्वे कॉलनीतल्या पोरी सख्या झाल्या आहेत आणि ‘ळ’ कोणाचा बरोबर यावरून रोज भांडत आहेत. नकाशा मी काढतो आहे, जुन्या ड्रॉइंग शीटच्या पाठीवर. आफ्रिका जरा लठ्ठ झाला आहे. प्रयोग उत्सवाच्या पाचव्या दिवशी, आरतीनंतर. कुरत्तीला वेताची टोपली अजून मिळालेली नाही. कोणाच्या घरी असल्यास कृपया तालमीला येताना आणावी.