‘समन्वया’चं कुळ

शाळेत संस्कृतच्या तासाला फळ्यावर श्लोक उतरला की बाई म्हणायच्या, ‘अन्वय लावा.’ कर्ता दुसऱ्या चरणात, त्याचं विशेषण चौथ्यात, क्रियापद भलतीकडेच. विभक्ती ओळखून ज्याचं त्याच्याशी जोडलं की अर्थ उलगडायचा. परवा एका शासन निर्णयात वर ‘अधिनियमान्वये’ आणि खाली ‘समन्वय समिती’ वाचलं, आणि तोच अन्वय समोर उभा राहिला.

‘समन्वय’ म्हणजे सम्, अनु आणि ‘इ’ हा धातू: सगळ्यांनी मिळून मागोमाग जाणं. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाचं नावच समन्वय. निरनिराळी उपनिषद्वचनं एकाच ब्रह्माकडे जातात, हे तिथं दाखवलं आहे. मग हा शब्द कचेरीत कसा शिरला? ‘कोऑर्डिनेशन’ला प्रतिशब्द हवा होता म्हणून, असं सरळ उत्तर मिळतं. मला ते अपुरं वाटतं. त्या इंग्रजी शब्दाच्या पोटात लॅटिन ‘ऑर्डो’ आहे, म्हणजे रांग, क्रम. नुसतं भाषांतरच करायचं तर ‘क्रमा’वरून शब्द घडला असता. मधला एक दुवा विनोबांचा असावा, असा माझा अंदाज. वेदान्त आणि बौद्ध विचारांचा मेळ घालायला १९५४ साली त्यांनी बोधगयेला समन्वय आश्रम काढला. ग्रंथातला शब्द लोकांच्या तोंडी आला तो अशा कामांतूनही असेल, आणि कचेरीनं तो तयार उचलला असेल.

कचेरीतल्या कामांपैकी हवामान बदलाच्या कामाला तर हा शब्द चपखल बसतो. ३० जून २००८ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आठ अभियानं होती: सौरऊर्जा एका मंत्रालयाकडे, पाणी दुसऱ्याकडे, शेती तिसऱ्याकडे. इथं रांग लावून भागत नाही. कर्ता एका खात्यात आणि क्रियापद दुसऱ्यात असतं.

अहमदाबादचंच घ्या. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर तिथल्या महापालिकेनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. तापमानाचा अंदाज हवामान खात्याचा. तो महापालिकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे येतो, तिथून दवाखान्यांना, रुग्णवाहिकांना आणि पाणी पुरवणाऱ्यांना निरोप जातो. अंदाज वर्तवणाऱ्याच्या हाती खाट नाही, खाट असणाऱ्याच्या हाती अंदाज नाही. नोडल अधिकारी दोघांना जोडतो, आणि उन्हानं कोसळलेला हमाल दवाखान्यात पोचतो तेव्हा खाट तयार असते.