दीक्षित मास्तरांचा पत्रव्यवहार

आमचा जिवतीचा डोंगराळ मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें इकडच्या घरांतून जे जुने कागद निघतात, त्यांवरचा सन पुष्कळदां फसली असतो. अशा कागदावर १३४५ हा आंकडा पाहून एखाद्या तरुणास वाटतें, कीं आपल्या घराण्याची सातशें वर्षांपूर्वींची सनदच सांपडली! त्या आंकड्यांत ५९० मिळविले म्हणजे १९३५-३६ हें साल निघतें, आणि सनद आजोबांच्या हयातींत येऊन बसते. पण ही मिळवणी तरी सर्वत्र सारखी कोठें आहे? उत्तर हिंदुस्थानांतील फसली आणि दक्षिणेंतील फसली यांच्यांत दोन वर्षांहून अधिक अंतर आहे. एकीचा नियम दुसरीस लावला, तर खरा कागद खोटा ठरावयाचा आणि खोटा खरा. जेथें जमिनीवरचा हक्क कागदाच्या तारखेवर उभा असतो, तेथें ही चूक केवळ गणिताची राहत नाहीं.

हे सारे सन आणि संवत् पडताळून पाहण्याचीं कोष्टकें ज्या ग्रंथांत दिलीं आहेत, तो 'दि इंडियन कॅलेंडर' हा ग्रंथ १८९६ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. ग्रंथावर दोन नांवें आहेत. पहिलें रॉबर्ट सेवेल यांचें. हे मद्रास इलाख्यांत मुलकी अधिकारी होते. दुसरें शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचें. हे मुंबई इलाख्याच्या शाळाखात्यांत शिक्षक होते. या शिक्षकाचा देशोदेशींच्या विद्वानांशीं जो विचारविनिमय चालला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

दीक्षितांचा जन्म १८५३ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूड या गांवीं झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत अध्यापनाचें शिक्षण घेऊन ते मॅट्रिक झाले. त्यापुढें विश्वविद्यालयाची पदवी त्यांस मिळाली नाहीं. बार्शी, धुळें, पुणें अशा ठिकाणीं नोकरी करीत त्यांनीं आयुष्य काढिलें. वेधशाळा नाहीं, मोठी दुर्बीण नाहीं, हाताखालीं कारकून नाहीं. संस्कृत सिद्धान्तग्रंथ, नाविक पंचांग आणि गणिताची पाटी एवढेंच त्यांचें भांडवल. मीही मॅट्रिकपर्यंतच शिकलेला शाळामास्तर आहें. शाळा सुटल्यावर थकल्या डोळ्यांनीं आकडेमोड करीत बसणें म्हणजे काय, हें मला वेगळें सांगावें लागत नाहीं.

त्या काळीं आपल्या देशाच्या प्राचीन इतिहासांत एक मोठें कोडें होतें. गुप्त राजांच्या शिलालेखांत वर्षांचे आंकडे आहेत; पण तो गुप्त संवत् सुरू झाला केव्हां? एडवर्ड थॉमस म्हणत, शकाबरोबरच, म्हणजे इ. स. ७८ च्या सुमारास. कनिंगहॅम १६६-६७ हें वर्ष धरीत, आणि बेली १९०. थोर थोर पंडितांच्या या मतांत शंभराहून अधिक वर्षांचें अंतर! अल्-बेरूणीनें मात्र गुप्तांचा संवत् शकानंतर २४१ वर्षांनीं सुरू झाला असें लिहून ठेविलें होतें. त्याच्यावर विश्वास ठेवावा कीं नाहीं, हाच प्रश्न होता.

जॉन फेथफुल फ्लीट हे मुंबई इलाख्यांतील अधिकारी त्या वेळीं गुप्तांच्या लेखांचा संग्रह सिद्ध करीत होते. त्यांस असा गणिती हवा होता, कीं जो लेखांतील मिति आकाशाशीं ताडून पाहील. तो त्यांस दीक्षितांच्या ठायीं मिळाला. सागर जिल्ह्यांतील एरण येथें बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, अशी मिति कोरिली आहे. आतां तिथि म्हणजे चंद्रास सूर्यापासून १२ अंश पुढें जाण्यास लागणारा काळ. सूर्योदयीं जी तिथि चालू असेल, ती त्या दिवसाची. वार मात्र सूर्यचंद्रांस न विचारतां सातांच्या फेऱ्यानें चालत राहतो. म्हणून लेखांत तिथि आणि वार दोन्ही असलीं, कीं एक दुसऱ्याची साक्ष काढते. अल्-बेरूणीच्या म्हणण्याप्रमाणें १६५ मध्यें २४१ मिळविले म्हणजे शके ४०६ येतें. त्यांत ७८ मिळविले म्हणजे इ. स. ४८४. दीक्षितांनीं त्या वर्षाची आषाढ शुद्ध द्वादशी मांडून पाहिली. ती निघाली २१ जून, आणि वार गुरुवार!

येथें कोणी म्हणेल, वार सातच. सातांत एकदां तो योगायोगानेंही जुळेल. ही शंका रास्त आहे, आणि ती त्या विद्वानांसही होती. म्हणून एका स्तंभावर त्यांनीं भिस्त ठेविली नाहीं. फ्लीट यांनीं प्रसिद्ध केलेल्या मंदसोरच्या लेखांत कुमारगुप्ताच्या अमदानींतील मालव संवत् ४९३, म्हणजे इ. स. ४३६, हें वर्ष आलें होतें. तें अल्-बेरूणीच्या बाजूस पडलें. परिव्राजक राजांच्या ताम्रपटांत गुप्त वर्षाबरोबर 'महावैशाख', 'महाश्वयुज', 'महाचैत्र' अशीं संवत्सरांचीं नांवें आढळतात. गुरु हा ग्रह सूर्याच्या तेजांत लोपून पुन्हा पहाटे दिसूं लागतो, त्या वेळीं तो ज्या नक्षत्रांत असेल त्यावरून हीं नांवें पडतात, असें दीक्षितांनीं दाखविलें. आणि त्या त्या वर्षींचा गुरूचा उदय गणितानें काढिला, तों तोही जुळला. तिन्ही साक्षी एकच सांगूं लागल्या, कीं गुप्त संवताचा आरंभ इ. स. ३१९-२० चा. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ त निघाला. त्याच्या परिशिष्टांत दीक्षितांचीं हीं विवेचनें त्यांच्याच नांवानें छापिलीं आहेत.

विदर्भांतील माणसास तर या गणिताचें विशेष अगत्य वाटावें. वाकाटकांच्या बहुतेक लेखांत कोणताही संवत् नाहीं. राजा गादीवर आल्यापासूनचीं वर्षें तेवढीं असतात. परंतु रामटेकच्या परिसरांतून राज्य चालविणारी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. बापाचा काळ निश्चित झाला, तेव्हां मुलीचा झाला, आणि तिच्या आधारानें आपल्या या प्रांताच्या प्राचीन इतिहासास कालाची खुंटी मिळाली.

पंचांगाच्या वादांतही दीक्षित एकटे नव्हते. सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरच्या २१-२२ तारखेस, आणि पंचांगांतील मकरसंक्रांत येते जानेवारींत. हें अंतर मोडून ऋतु आणि महिने पुन्हा एकत्र आणावे, या हेतूनें विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनीं शके १८०६ पासून सायन पंचांग काढिलें. लोकांनीं तें उचलिलें नाहीं. पुढें १९५७ सालीं भारत सरकारनें राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली, ती सायन वर्षावरच बसविली. सणवार मात्र अद्यापि निरयन गणनेनेंच चालतात. म्हणजे त्या वादांत दीक्षितांचा पक्ष अर्धाच जिंकला, असें म्हणावें लागतें.

मतभेदांची त्यांस भीति नव्हती. शतपथ ब्राह्मणांत कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहींत असें विधान आहे. ही स्थिति इसवी सनापूर्वीं सुमारें ३००० वर्षांच्या वेळची, असा निष्कर्ष त्यांनीं १८९५ त 'इंडियन अँटिक्वरी' मासिकांत मांडिला. डॉक्टर थीबो यांनीं त्याच वर्षीं अशा अनुमानांवर कडक आक्षेप घेतले, आणि तो वाद आजही मिटलेला नाहीं. दीक्षितांचें प्रत्येक अनुमान मान्य झालें असें सांगणें म्हणजे त्यांच्याच शिस्तीस बाध आणणें होय.

'इंडियन कॅलेंडर'मध्यें ही शिस्त पुरती दिसून येते. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या सोळाशें वर्षांचीं हीं कोष्टकें. त्यांस जोडलेलीं ग्रहणांचीं कोष्टकें व्हिएन्ना येथील डॉक्टर श्राम यांचीं. पत्र विलायतेस जाऊन उत्तर येण्यास त्या काळीं महिन्याहून अधिक काळ लागे, आणि कोष्टकांत एक आंकडा चुकला तर पुढील संशोधकाचें सारें काम चुकावयाचें. प्रस्तावनेंत ग्रंथाचा उपयोग सांगतांना न्यायकचेऱ्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे: हक्काच्या पुराव्यादाखल जुने कागद पुढें येतात, त्यांत बनावट पुष्कळ, म्हणून तारीख पारखण्याचें साधन हवें. आमचा फसली कागद तो हाच.

त्याच १८९६ सालीं पुण्यास आर्यभूषण छापखान्यांतून दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ बाहेर पडला. तो त्यांनीं मराठींत लिहिला. इंग्रजींत लिहिता आला असता. परदेशी विद्वान् वाट पाहत होतेच. इंग्रजी वाचकास त्याचा पहिला भाग मिळावयास १९६९ साल उजाडावें लागलें. १८९८ च्या एप्रिलांत, वयाच्या ४५ व्या वर्षीं, दीक्षित वारले.

पत्रास पत्र देतांना फ्लीट अधिकारी होते आणि दीक्षित पंतोजी. पण गणित मांडल्यावर तेथें हुद्दा उरला नाहीं. ज्याची रीत उघड आहे आणि ज्याचें उत्तर दुसऱ्यास स्वतः करून पाहतां येतें, त्याला शिफारस लागत नाहीं. आमच्या डोंगरावर कोणी जुना कागद घेऊन आला, तर मी प्रथम सन कोणता तें विचारतों, मग बेरीज त्याच्याच हातानें करवितों. माझ्या शब्दावर त्यानें विश्वास ठेवावा असें मला वाटत नाहीं. कचेरींत उभें राहण्याची पाळी आली, तर ती बेरीज त्याला स्वतःला करून दाखवितां आली पाहिजे.