परीक्षा आणि अध्यापन : विज्ञानशिक्षणातील एक जुनी तफावत

भारतातील आधुनिक विद्यापीठांच्या इतिहासात परीक्षा आधी आली व अध्यापन मागाहून. १८५४ च्या वुडच्या खलित्याने येथील नियोजित विद्यापीठांपुढे लंडन विद्यापीठाचा आदर्श ठेवला. ते विद्यापीठ त्या काळी स्वतः शिकवीत नसे. निरनिराळ्या संस्थांतून आलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन पदव्या देणे, एवढेच त्याचे कार्य होते. १८५७ च्या मुंबई विद्यापीठाच्या कायद्यातही वाङ्मय, शास्त्र व कला यांतील प्रावीण्य परीक्षेच्या द्वारे निश्चित करणे हाच हेतू नमूद झालेला आहे. महाविद्यालयांनी शिकवावे व विद्यापीठाने मोजावे, अशी ही विभागणी होती.

या व्यवस्थेचा एक लाभ नाकारता येणार नाही. दूरदूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना एकच माप लागू झाले. परंतु विज्ञानाच्या बाबतीत या मापाची मर्यादा लवकरच उघड झाली. जे सर्वत्र सारखे विचारता येते तेच परीक्षेत येते. आणि सर्वत्र सारखे असते ते पाठ्यपुस्तक, प्रयोगशाळा नव्हे.

१९०२ च्या विद्यापीठ आयोगाने हा दोष स्पष्ट शब्दांत दाखविला. अध्यापन परीक्षेच्या अधीन झाले आहे, परीक्षा अध्यापनाच्या अधीन नाही, हेच येथील उच्च शिक्षणाचे सर्वांत मोठे वैगुण्य होय, असा त्याचा अभिप्राय पडला. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांस अध्यापनाचा अधिकार दिला. प्रायोगिक शास्त्रांसाठी संलग्नता मागणाऱ्या महाविद्यालयाने सुसज्ज प्रयोगशाळेची व्यवस्था दाखविली पाहिजे, अशी अटही त्यात होती. प्रयोगशाळा अशा रीतीने कायद्यात आली. परीक्षेचे वर्चस्व मात्र ढळले नाही. म्हणूनच, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती परीक्षांची असावी, असे १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगास म्हणावे लागले. त्यावरील एक उपाय म्हणून त्याने वस्तुनिष्ठ चाचण्यांचा पुरस्कार केला.

आज तशा चाचण्या सर्वत्र रूढ झाल्या आहेत. २०२२ पासून अनेक विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी बहुपर्यायी प्रश्नांची सामाईक परीक्षा घेतली जाते. तिचा अभ्यासक्रम व पदवीचा अभ्यासक्रम शेजारी ठेवले असता बहुतेक शीर्षके जुळतात. परंतु शीर्षकांचे साम्य फसवे असते. ‘प्रकाशाचे व्यतिकरण’ हा शब्दप्रयोग दोन्हीकडे आढळतो. प्रयोगशाळेत त्याचा अर्थ न्यूटनची कडी सूक्ष्मदर्शकातून मोजणे, वाचनातील चुकीचा अंदाज घेणे, आलेख काढून वक्रतात्रिज्या ठरविणे असा होतो. बहुपर्यायी प्रश्नात तोच अर्थ सूत्रात संख्या घालून चारांतून एक उत्तर निवडणे एवढ्यापुरता संकोच पावतो. संज्ञा एक, पण तिच्यामागील क्रिया भिन्न.

म्हणून परीक्षा व अध्यापन यांचा मेळ पाहावयाचा तर विषयांची यादी ताडून भागणार नाही; विद्यार्थ्याकडून कोणती कृती अपेक्षित आहे, हे ताडून पाहिले पाहिजे. ते होत नाही तोवर १९०२ चा अभिप्राय केवळ इतिहासजमा झाला, असे म्हणता येणार नाही.