मडमेचे खोगीर

घोड्यावर बसण्याच्या पद्धतीत स्त्रीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न दडलेला असेल, अशी शंका सहसा कोणाला येत नाही. परंतु १८३५ साली गंगेच्या काठी, फत्तेगड येथे, एका मराठा राजस्त्रीच्या छावणीत नेमका हाच विषय निघाला होता.

ही राजस्त्री म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे. कागलच्या घाटगे घराण्यातील या कन्येचा विवाह १७९८ साली पुण्यात दौलतराव शिंद्यांशी झाला. १८२७ मध्ये दौलतराव निवर्तले आणि पुढील सहा वर्षे राज्याची सूत्रे बाईंच्या हाती राहिली. दत्तकपुत्र जनकोजीरावांशी वितुष्ट आल्यामुळे १८३३ मध्ये त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. त्या परागंदा अवस्थेत फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज स्त्री त्यांच्या भेटीस आली. तिचा नवरा अलाहाबादेस कंपनी सरकारच्या नोकरीत होता. फॅनी स्वतः उत्तम घोडेस्वार होती. १८५० साली तिने आपले प्रवासवर्णन दोन खंडांत प्रसिद्ध केले. या भेटींची हकीकत त्यात आली आहे.

विलायती बायका दोन्ही पाय घोड्याच्या एकाच अंगास सोडून बसतात, याचे बायजाबाईंना आणि त्यांच्या भोवतालच्या स्त्रियांना मोठे नवल वाटले. असे वाकडे बसून तोल तरी कसा राहतो, हा त्यांचा प्रश्न होता. बाई स्वतः ऐन उमेदीत नामांकित घोडेस्वार होत्या. त्यांची नात गजराजासाहेबही घोड्यावर मांड घालून बसे. पुढे फॅनीने मराठी पद्धतीने घोड्यावर बसून पाहिले, तेव्हा तिला इतका आनंद झाला की, स्त्रियांच्या बसण्याची रीत बदलल्याबद्दल तिने एलिझाबेथ राणीलाच दोष दिला.

हा दोष इतिहासाला धरून नव्हता. एका अंगास बसण्याची चाल इंग्लंडात १३८२ मध्ये बोहेमियाच्या अ‍ॅन राणीबरोबर आली, अशी परंपरागत समजूत आहे. या रीतीच्या मुळाशी स्त्रीच्या शालीनतेची कल्पना होती, हे उघड आहे. आरंभीचे असे खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर ठेवलेली खुर्चीच. पाय टेकायला एक फळी असे. बसणारीचे तोंड बाजूला, आणि घोडा दुसऱ्या कोणीतरी चालवायचा. स्वार स्त्री, पण लगाम परक्याच्या हाती!

तथापि या खोगिराची कथा येथेच संपत नाही. पुढे त्याच्या पुढच्या बाजूस आकडे बसवले गेले. उजवा पाय एका आकड्यावर अडकवला की स्त्रीला समोर तोंड करून बसता येई आणि लगाम स्वतःच्या हाती धरता येई. १८३० च्या सुमारास डाव्या मांडीवर येणारा आणखी एक आकडा निघाला. त्याने बैठक इतकी पक्की झाली की, लांब झग्यातील स्त्रिया कुंपणे आणि चर ओलांडीत शिकारीत पुरुषांच्या बरोबरीने दौडू लागल्या. म्हणजे जे साधन बंधन म्हणून आले, त्याच साधनाने पुढे काही स्त्रियांना मोकळे रान मिळवून दिले. इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ १९८६ पर्यंत लष्करी संचलनात याच बैठकीने घोड्यावर बसत असे. तिला कोणी अबला म्हटले नाही.

आपल्याकडील स्थिती निराळी होती. नऊवारी लुगड्याचा कासोटा मागे खोचला की पाय मोकळे होतात. मांड घालण्यास वस्त्र आड येत नाही. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची अश्वारूढ मूर्ती तर प्रत्येक मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे आहे. परंतु घोडा ही सरदार घराण्यांतील स्त्रियांच्या वाट्याची गोष्ट होती. शेतकऱ्याची बायको पायीच चालत होती, हेही विसरता कामा नये.

आणि मांड घालणारी स्त्री खरोखर मोकळी होती काय? फॅनीच्या वृत्तान्तातील सर्वांत मोलाचा भाग येथे आहे. या स्नेहात गोष्टी निघाल्या त्या केवळ खोगिराच्या नव्हेत. इंग्लंडच्या कायद्याने विवाहित स्त्री नवऱ्याची जवळजवळ दासीच ठरते, हे फॅनीने मोकळेपणाने सांगितले. इकडे बायजाबाईंचे वैधव्य समोर होते. एकेकाळी राज्य चालवलेली ही स्त्री विधवा म्हणून अलंकार आणि सुखोपभोग वर्ज्य करून राहत होती. एकीची बैठक वाकडी, दुसरीची सरळ. पण घरातील आणि कायद्यातील बैठक दोघींचीही अवघडलेलीच. इंग्लंडात विवाहितेला स्वतःच्या मिळकतीवर हक्क मिळू लागला तो १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी. हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत पूर्ण मालकी मिळण्यास १९५६ साल उजाडावे लागले. हे हक्क कोणत्याही खोगिराने दिले नाहीत.

आज घोडा रस्त्यावरून गेला, त्याची जागा दुचाकीने घेतली. पुण्याचे रस्ते घ्या की जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राचे. नवऱ्याच्या किंवा भावाच्या मागे एका अंगास पाय सोडून बसलेली साडीतील स्त्री अजूनही दिसते. तिचा पदर चाकात अडकू नये म्हणून मागील चाकास आडोसा असावा, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. कायद्याने तिच्या वस्त्राची काळजी घेतली, हे चांगलेच झाले. परंतु १९७२ मध्ये निघालेल्या लूनाने आणि मागाहून आलेल्या स्कूटींनी याहून मोठे काम केले. साडी नेसूनही ती वाहने स्वतः चालवता येत होती. मागे बसणारी पुढे आली.

तेव्हा एका अंगास बसणे स्त्रीला मुक्त करते की जखडते, या प्रश्नाचे उत्तर खोगिरात शोधू नये. लगाम कोणाच्या हाती आहे, हे आधी पाहावे. आणि त्यानंतर आणखी एक गोष्ट पाहावी: प्रवास संपवून ती खाली उतरते, तेव्हा ज्या घरात पाऊल टाकते, त्या घरात तिच्या शब्दाला किती किंमत आहे. फत्तेगडच्या छावणीतील त्या दोघींनी हे दोन्ही प्रश्न एकमेकींपुढे मांडले होते. पहिल्याचे उत्तर आपण बरेचसे दिले आहे. दुसऱ्याचे अजून पुरते द्यायचे आहे.